डोकं माझं, रील तिचं

‘वहिनी, हे डोकं तुमचंच ना?’

नाशिकच्या नणंदबाईंचा हा मेसेज सकाळी सव्वासातला आला, तेव्हा मी कुकर लावत होते. मेसेजखाली एक रील होतं. वीस सेकंदांचा तो व्हिडिओ उघडला आणि कुकर राहिला बाजूला. पहिले पाच सेकंद पडदाभर माझी टाळू! वरून, अगदी जवळून, प्रखर दिव्याखाली घेतलेली. रुंदावलेला भांग, मुळांशी दोन बोटं पांढरं आणि मधोमध तो विरळ झालेला भाग, जो मी गेली चार वर्षं रोज सकाळी इकडचे केस तिकडे करून झाकते. त्यावर ठसठशीत अक्षरांत ‘बिफोर’. मग कुठूनशी चुटकी वाजते, संगीत बदलतं आणि ‘आफ्टर’मध्ये तेच केस काळेभोर, फुललेले, झुळझुळीत.

चेहरा दिसत नव्हता, हे खरं. पण समोरच्या आरशात अर्धा गाल आणि कानातली कुडी दिसत होती. कुडी सासूबाईंची. त्यांच्या लेकीने ती ओळखली नसती तरच नवल.

तीन दिवसांपूर्वी मी आमच्या नेहमीच्या पार्लरमध्ये टच-अपला गेले होते. डोळे मिटून निवांत बसले होते. मागे ती पोरगी हातात फोन धरून काहीतरी करत होती. मला वाटलं, घरून फोन आला असेल.

तणतणत गेले. तर ही दारातच, हसऱ्या चेहऱ्याने, ‘काकू, या ना! बघितलं का रील? साडेचार हजार जणांनी बघितलं!’ मी काय बोलायचं ठरवून आले होते, ते घशातच राहिलं. मग बोलले. बरंच बोलले. तिचा चेहरा उतरला. ‘चेहरा नव्हता घेतला हो काकू,’ एवढंच म्हणाली. थोड्या वेळाने मात्र तिने हिशेबाची वही काढली. दोन खुर्च्यांचं पार्लर, गाळ्याचं भाडं, बचत गटाचा हप्ता. दिवाळीनंतर मुख्य रस्त्यावर एक मोठं वातानुकूलित सलून उघडलंय, तेव्हापासून आठवड्यातले तीन दिवस दुपारी खुर्च्या रिकाम्या. त्या तीन दिवसांत माझं रील बघून सात नव्या बायका आल्या होत्या. सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. ‘खरं सांगू का, तुमच्या डोक्याने या महिन्याचं भाडं दिलं.’

तिने ते रील माझ्यासमोर पुसून टाकलं. मी जिंकले म्हणायचं. पण घरी येताना पाय जड झाले होते.

रील म्हटलं की नाक मुरडायची आपल्या वयात फॅशन आहे. मला ते पटत नाही. पार्लरची जाहिरात पूर्वी कशी असायची, आठवून बघा. उन्हाने निळी पडलेली पाटी, तिच्यावर परदेशी बाईचा फोटो, जिच्यासारखे केस आपल्या गावात कुणाचेच नसतात. नाहीतर सकाळच्या पेपरातून पडणारं पिवळं पत्रक. बाकी सगळं तोंडोतोंडी. एकीच्या भुवया बघून दुसरी यायची. रील म्हणजे तीच तोंडोतोंडी, फक्त तोंड मोठं झालं. टाळेबंदीत ही दुकानं तीन महिने कडीकुलपात होती. महाराष्ट्रात २८ जून २०२० ला ती पुन्हा उघडली, तीही केस कापण्यासारख्या मोजक्या कामांसाठी. आणि योगायोग असा, की दुसऱ्याच दिवशी, २९ जूनला, टिकटॉकवर बंदी आली. जुलैत इन्स्टाग्रामने रील्स आणलं, सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्स. कर्जाने वाकलेल्या या धंद्याच्या हातात नेमकी तेव्हा फुकटची पाटी आली. ती वापरू नका, असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

मग मला एवढं लागलं का? पांढरे केस दिसले म्हणून? थोडंसं तेही, खोटं कशाला बोलू. पण पार्लर ही बाईची अशी एक जागा आहे, जिथे ती ‘आधी’च्या अवस्थेत जाते. ओठांवरची लव, हनुवटीवरचा तो एक दांडगा केस, आजारपणानंतर गळालेले पुंजके. नवऱ्यालाही न दाखवलेलं तिथे दाखवलेलं असतं. आणि ते बाहेर जाणार नाही, हे कुणी कुणाला न सांगता ठरलेलं असतं. त्या खुर्चीचं खरं भांडवल तेच.

बाईच्या केसांबद्दल तिला न विचारता ठरवायची आपल्याकडे जुनी सवय. आणि ती मोडायलाही याच व्यवसायातली माणसं पुढे आली होती, हे आपण विसरतो. १८९० साली मुंबईतल्या नाभिकांनी एकत्र येऊन विधवांचं केशवपन करायला नकार दिला. पुढाकार सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांचा. वस्तरा ज्यांच्या हातात, त्यांनीच ‘नाही’ म्हटलं. त्या बायकांच्या दुःखाशी माझ्या टाळूची बरोबरी करायचा उद्धटपणा मी करणार नाही. पण ज्याच्या हातात हत्यार, त्याच्याकडे त्या डोक्याची थोडी राखण येतेच. आता कात्रीच्या जोडीला फोन आलाय, एवढंच.

आमच्या ह्यांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, ‘माझ्या टकलाचं काढ म्हणावं, फुकट देतो.’ पुरुषांचं बरं असतं. त्यांच्या सलूनमधली रील्स बघा. मानेवर मशीन फिरतंय, पोरगा आरशात बघून भुवई उडवतोय, सगळे खूश. टक्कल हा विनोद असतो. बाईचा विरळ भांग हा विनोद नसतो, ती तिच्या आजाराची, वयाची, कधीकधी सोयरिकीची चर्चा होते. नवरीचं ‘बिफोर’ टाकणाऱ्यांना तर मी हात जोडते. डाग, पुरळ, काळी वर्तुळं असलेला तो चेहरा लग्नाच्या आठवड्यात सासरच्या प्रत्येक फोनमध्ये पोचतो.

दोन दिवसांनी मीच पुन्हा पार्लरमध्ये गेले. रील पुसायला लावलं, तर त्या बदल्यात काहीतरी करायला हवं होतं. म्हटलं, ‘मी फोन धरते, तू काम कर.’ ती हसली. पण आम्ही बसलो खरं.

पहिल्यांदा कळलं की पार्लरमध्ये सगळ्यात चोंबडा कोण असेल, तर आरसा. कॅमेरा तुम्ही केसांवर धरा, आरशात मागची थ्रेडिंगवाली, कोपऱ्यात वॅक्सिंग करून घेणारी, सगळ्या येतात. आम्ही मागे एक जुना पडदा बांधला आणि खुर्ची दाराकडे वळवली. सकाळचा उजेड तिथे इतका छान येतो, की तिच्या त्या गोल दिव्याची गरजच पडली नाही. दुसरं म्हणजे गाणी. धंद्याच्या खात्याला सिनेमाची बरीचशी गाणी वापरायला मिळत नाहीत, आणि ती शोधण्यातच तिचा अर्धा तास जायचा. म्हटलं, तू बोल ना! तिचा आवाज गोड आहे, सांगलीचा हेल आहे. आणि कात्रीचा आवाजही ऐकायला बरा वाटतो. बसमध्ये लोक आवाज बंद करून बघतात, म्हणून दोन ओळी खाली मराठीत लिहायच्या. गावाचं, चौकाचं नाव पहिल्याच ओळीत. इंदूरच्या दहा हजार बायकांनी रील बघितलं म्हणून त्यातली एक तरी थ्रेडिंगला सांगलीला येणार आहे का?

आणि दाखवायचं काय? हात. गडहिंग्लज तालुक्यातल्या हासूरसासगिरीच्या शांताबाई यादवांनी नवरा गेल्यावर वस्तरा हातात घेतला, गावोगाव फिरून पुरुषांच्या दाढ्या केल्या. जिथे बाईने हे काम करणंच लोकांना खटकत होतं, तिथे त्यांची जाहिरात म्हणजे त्यांचा हात. आमच्या पार्लरवालीचाही हात हलका आहे. गुंता टोकाकडून वर कसा सोडवायचा, हे ती इतकं सुरेख करते, की मी बघतच राहिले. तेच घेतलं. मॉडेल म्हणून तिची धाकटी बहीण, आणि तिला त्याचे पैसे दिले. दुसरं केलं ते डाय लावण्याआधी दोन दिवस कानामागे थेंबभर लावून बघायचं, त्याचं. बऱ्याच काळ्या डायमध्ये आणि ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पुडीतही असं रसायन असतं, की काहींचा चेहरा सुजून डोळे मिटतात. तिसऱ्यात तिने सांगितलं, की वर्षानुवर्षं काळा डाय लावलेले केस नुसता रंग लावून तपकिरी होत नाहीत, आधी ब्लीच करून काळा उतरवावा लागतो आणि ते एका बैठकीत करायला ती तयार नाही. मला वाटलं, हे सांगितलं तर गिऱ्हाईक जाईल. उलट झालं. ‘खरं सांगणारी आहे,’ म्हणत दोघी आल्या.

भाव सांगायला मात्र ती तयार होईना. ‘समोरचे कमी करतील ना!’ मी म्हटलं, करू देत. आपल्यातल्या कितीतरी बायका पार्लरची पायरी चढत नाहीत, कारण आत गेल्यावर बिल किती होईल, याची धास्ती असते. खुर्चीत बसल्यावर ‘मॅम, स्पा पण करून घ्या ना’ सुरू झालं, की नाही म्हणता येत नाही. शेवटी तिने फक्त साध्या कटाचा भाव सांगितला. त्यावर सगळ्यात जास्त फोन आले.

एक गोष्ट मात्र मी हट्टाने सांगितली. एका कंपनीचा माणूस केस सरळ करायच्या क्रीमचा डबा तिला फुकट देऊन गेला होता, बदल्यात दोन रील्स. अशा काही क्रीममधून गरम इस्त्री फिरवताना फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्यांच्या यादीत घातलं आहे. रीलमध्ये चमकदार केस दिसतात, वास येत नाही. गिऱ्हाईक वर्षातून एकदा ती वाफ घेईल, ही बंद गाळ्यात रोज घेणार. डब्यावर काय लिहिलंय, ते आम्ही भिंग घेऊन वाचलं. अर्धंच कळलं, म्हणून तो परत केला. शिवाय फुकट माल घेऊन केलेली शिफारस ही जाहिरातच असते आणि तसं स्पष्ट सांगायला हवं, असं जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये आणि ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्ये बजावलंय. हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. डबा देणाऱ्याने तर नाहीच.

व्हिडिओ दोन्हीकडून कापतो, हेही या धंद्याने पाहिलंय. जानेवारी २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मुजफ्फरनगरच्या कार्यशाळेत एका नामवंत केशतज्ज्ञाने व्यासपीठावर बसवलेल्या बाईच्या केसांवर थुंकल्याचा व्हिडिओ देशभर फिरला. ती बाई स्वतः पार्लर चालवणारी होती, शिकायला गेली होती. राष्ट्रीय महिला आयोगाने दखल घेतली, त्याला माफी मागावी लागली. खुर्चीत बसलेल्या बाईला गृहीत धरलं होतं, ते कॅमेऱ्यामुळेच उघडं पडलं.

विचारायचं कसं, यावर आमचा बराच खल झाला. तिचं म्हणणं, विचारलं की बायका नाहीच म्हणतात. माझं म्हणणं, मग नाही. विचारायचं ते गळ्यात कापड बांधायच्या आधी, डोकं बेसिनमध्ये असताना नव्हे. ओल्या केसांची बाई उठून जाऊ शकत नाही, तिचं ‘हो’ कसलं? शाळकरी मुलगी असेल तर आईला विचारायचं आणि मुलीलाही. काढलेलं आधी त्यांना दाखवायचं. ‘एवढं करत बसले तर कामं कधी करू?’ ती म्हणाली. बरोबर आहे तिचं. म्हणून महिन्याला चारच रील्स करायची, असं ठरलं. समोरचं मोठं सलून दिवसाला दोन टाकतं.

सात नव्या बायका त्या आठवड्यात पुन्हा आल्या नाहीत. तीनच आल्या. पुढच्या आठवड्यात चार.

या सगळ्या गडबडीत नणंदबाईंना उत्तर द्यायचं राहूनच गेलं होतं. परवा रात्री चिडूनच लिहिलं, ‘हो, माझंच डोकं. बघून झालं का?’

लगेच फोन आला. ‘अहो वहिनी, रागावलात की काय? माझंही तसंच झालंय हो मध्ये. कुणाला दाखवायची लाज वाटते. पुढच्या महिन्यात सांगलीला येतेच आहे, तर त्या मुलीकडे मला न्याल का?’ आणि फोन ठेवता ठेवता, ‘रील नको म्हणावं पण!’

सकाळी जाऊन पार्लरवालीला सांगितलं. तिने वहीत तारीख लिहिली, आणि पुढे कंसात लिहिलं, ‘फोन ड्रॉवरमध्ये’.