खाम नदी नकाशातून कुठे गेली?

दोस्तांनो, छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहिली असेल, तर तिच्याजवळून जाणारी खाम नदीही तुम्ही पाहिली असणार. आता शाळेतल्या भिंतीवर भारताचा नकाशा असतो ना, त्यात खाम शोधा पाहू! गोदावरी लगेच सापडेल. खाम बहुधा नाही. गंमत अशी, की खामचं पाणी शेवटी गोदावरीलाच मिळतं.

कारण आहे जागेची टंचाई. समजा, नकाशात १ सेंटिमीटर म्हणजे १० किलोमीटर. मग अर्ध्या मिलिमीटरची बारीकशी रेघसुद्धा जमिनीवरचा अर्धा किलोमीटर अडवते! सगळे ओढे-नाले दाखवले, तर नकाशाचा नुसता निळा गिचमिडकाला होईल. म्हणून काही गाळावेच लागतात. पूर्वी नकाशा काढणारे ते नजरेनं ठरवत. आता पुष्कळसं काम संगणक करतो. पण कोणती नदी मोठी, हे त्या बिचाऱ्याला कसं कळणार?

त्यासाठी प्रवाहांना क्रमांक देतात. अमेरिकेतल्या रॉबर्ट हॉर्टन यांनी १९४५ साली ही कल्पना मांडली आणि पुढे आर्थर स्ट्रॅलर यांनी ती सोपी केली. डोंगरातून निघालेला, दुसरा कुणी येऊन न मिळालेला ओढा म्हणजे १. दोन १ भेटले की २. दोन २ भेटले की ३. पण २ ला १ येऊन मिळाला, तर तो २ च राहतो, बरं का! मग संगणकाला सांगायचं, "१ आणि २ पुसून टाक." खाली जाताना क्रमांक कधीच कमी होत नाही, त्यामुळे नदी मध्येच तुटत नाही.

नियम झकास, पण आंधळा. सपाट माळावरून एकटाच मैलोन् मैल वाहणारा ओढा १ च राहतो आणि पुसला जातो. डोंगरातले दोन चिमुकले ओढे मात्र भेटले की लगेच २! म्हणून प्रवाहाची लांबी आणि त्यात किती मुलखाचं पाणी येतं, हेही संगणकाला पाहायला लावतात.

तरी एक गोष्ट उरतेच. मलिक अंबरनं १६१० मध्ये वसवलेली खडकी, म्हणजे आजचं हे शहर, खामच्या काठी आहे. हे कुठल्याच क्रमांकात येत नाही. मला विचाराल, तर जिल्ह्याच्या नकाशात संगणकानं खाम गाळली, तरी माणसानं ती हातानं परत काढावी.

आता वहीत काढा: दोन ३ भेटले, पुढे त्यांना एक २ मिळाला, नंतर एक ४. शेवटचा क्रमांक किती?