रेषा कोणी आखावी?

मुरगाव बंदरात नांगरून पडलेल्या एखाद्या मालवाहू जहाजाच्या कुशीकडे पाहिले असता एक वर्तुळ आणि त्याला छेदून जाणारी आडवी रेषा दृष्टीस पडते. जहाजात माल भरावयाचा तो ही रेषा पाण्याला टेकेपर्यंत. त्यापुढे खंडीभर माल चढविला तरी तो गुन्हा. अतिभाराने जहाजे बुडत, खलाशी मरत आणि मालक विम्याची रक्कम पदरात पाडून घेत, त्या काळात सॅम्युएल प्लिमसॉल ह्या ब्रिटिश पार्लमेंट-सदस्याने झगडून १८७६ साली ही खूण कायद्याने सक्तीची करविली. परंतु त्या कायद्यात एक मेख राहून गेली होती. रेषा काढणे सक्तीचे होते. ती कोठे काढावी हे मात्र मालकाच्या मर्जीवर सोडले होते. तिची जागा कायद्याने निश्चित होण्यास १८९०चे दशक उजाडावे लागले. मधल्या काळात जहाजावर रेषा होती, पण खलाशाच्या जिवाला तिचा आधार नव्हता.

ही जुनी कथा आज आठवण्याचे कारण असे की, आपले प्राण आता लाकूड-लोखंडाइतकेच संगणकाच्या आज्ञावलीवर, म्हणजे सॉफ्टवेअरवर अवलंबून आहेत. विमानाचे नाक वर उचलावे की खाली, आगगाडी कोणत्या रुळावर घ्यावी, रुग्णाच्या शरीरात किरणांची किती मात्रा सोडावी, हे निर्णय डोळ्यांना न दिसणारी अक्षरे घेत असतात. ती अक्षरे निर्दोष आहेत असे प्रमाणपत्र कोणी द्यावयाचे आणि त्यासाठी मर्यादेची रेषा कोणी आखावयाची, हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा राहिलेला नाही.

पुलाची गोष्ट सोपी असते. त्यावर भार चढवून पाहता येतो आणि त्याला पडलेला तडा दिसतो. आज्ञावली झिजत नाही, गंजत नाही. तिच्यातील चूक पहिल्या दिवसापासून तेथेच दबा धरून बसलेली असते आणि विशिष्ट योग जुळून आला की झडप घालते. १९८५ ते १९८७ ह्या काळात अमेरिका व कॅनडा येथील रुग्णालयांत थेरॅक-२५ नावाच्या किरणोपचार यंत्राने सहा रुग्णांना भयंकर अतिमात्रा दिली. काही प्रसंगी ती नेमून दिलेल्या मात्रेच्या शंभरपटीच्या आसपास होती. त्यांतील काही जण दगावले. यंत्र चालविणाऱ्याने माहितीतील चूक काही सेकंदांत झटपट दुरुस्त केली, तर आज्ञावलीची गफलत होत असे. पूर्वीच्या यंत्रांत अशा वेळी किरण रोखून धरणारी यांत्रिक अडसरे होती. संगणक आहे म्हणून ती काढून टाकण्यात आली होती आणि अतिमात्रा होणेच अशक्य असे उत्पादकांकडून प्रथम सांगण्यात येत होते.

अशा अनुभवांतून मानके घडत गेली. विमानांतील आज्ञावलीसाठी डीओ-१७८सी, आगगाड्यांसाठी ईएन-५०१२८, वैद्यकीय उपकरणांसाठी आयईसी-६२३०४ ही त्यांची नावे रुक्ष असली तरी त्यांमागचा विचार शहाणपणाचा आहे. ज्या बिघाडाने विमानच कोसळेल, तो उड्डाणाच्या एका अब्ज तासांत एकदाही होता कामा नये, अशी अपेक्षा असते. एक अब्ज तास म्हणजे सुमारे १ लाख १४ हजार वर्षे! इतका काळ चाचणी घेत बसणे मनुष्यमात्राला शक्य नाही. म्हणून मानक विचारते की, ही आज्ञावली तुम्ही कोणत्या रीतीने घडविली? प्रत्येक ओळ कोणत्या गरजेतून आली? ती कोणी तपासली? डीओ-१७८सी ह्या मानकात सर्वांत धोक्याच्या श्रेणीसाठी ७१ उद्दिष्टे सांगितलेली आहेत आणि त्यांपैकी ३० बाबतींत ज्याने काम केले त्याने स्वतःच तपासू नये, असा दंडक आहे. आपल्या लेखनातील चूक आपल्याला दिसत नाही, हे मुद्रणालयातील कोणताही मुद्रितशोधक सांगेल.

तथापि मानक कितीही चांगले असले तरी, ते ज्यांच्या हाती सोपवायचे त्यांच्यावर सारे अवलंबून असते, हे बोइंग ७३७ मॅक्सच्या दुर्दैवी कहाणीने जगास शिकविले. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात १८९ आणि १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात १५७, असे ३४६ जीव पाच महिन्यांच्या आत गेले. ह्या विमानात एमकॅस नावाची एक प्रणाली बसविली होती. वाऱ्याच्या रोखाशी विमानाचा कोन फार वाढला, तर तिने नाक आपोआप खाली दाबावे, अशी योजना होती. विमानावर कोन मोजणारे संवेदक दोन होते. पण ही प्रणाली एका वेळी एकाच संवेदकाचे ऐकत असे. तो बिघडला तेव्हा तिने पुनःपुन्हा नाक खाली दाबले आणि वैमानिक तिच्याशी झुंजत राहिले. पहिल्या अपघातापूर्वी वैमानिकांच्या पुस्तिकेत ह्या प्रणालीचे वर्णनच नव्हते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. आज्ञावलीने आज्ञाभंग केला नव्हता. तिला जे सांगितले होते तेच तिने इमानाने केले. जे सांगितले तेच चुकीचे होते. आरंभी ह्या प्रणालीला शेपटीचा आडवा पंखा एका वेळी ०.६ अंशापर्यंत हलविण्याची मुभा होती. पुढे ती २.५ अंशांपर्यंत वाढविण्यात आली, परंतु त्या वाढीचा परिणाम काय होईल याची छाननी त्या प्रमाणात झाली नाही. अमेरिकेच्या विमान प्राधिकरणाने प्रमाणपत्राचे बरेचसे काम उत्पादक कंपनीच्याच कर्मचाऱ्यांवर सोपविले होते. आपल्या माणसांनी ह्या प्रणालीविषयी प्राधिकरणाची दिशाभूल केली, हे कंपनीने जानेवारी २०२१मध्ये सरकारशी केलेल्या करारात मान्य केले. विद्यार्थीही घरचा आणि परीक्षकही घरचा, अशी ही परीक्षा! कुंपणच शेत खाऊ लागल्यावर राखणदाराने दाद कोणाकडे मागावी?

प्रमाणपत्रांचा बडिवार माजविल्याने खर्च वाढतो, नवे शोध अडून राहतात आणि आपले लहान उद्योजक परदेशी कंपन्यांपुढे टिकू शकत नाहीत, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. कागदांचे ढीग रचणे म्हणजे सुरक्षितता नव्हे. सरकारी निरीक्षकांना प्रत्येक ओळ वाचणे अशक्य आहे आणि काही काम उत्पादकाच्या तज्ज्ञांवर सोपविणे भाग आहे, हेही खरे. परंतु काम सोपविणे निराळे आणि निर्णय सोपविणे निराळे. अमेरिकेच्या काँग्रेसने डिसेंबर २०२०मध्ये नवा कायदा करून, कंपनीच्या वतीने तपासणी करणाऱ्या व्यक्तींना प्राधिकरणाची मान्यता आवश्यक ठरविली. हे शहाणपण वरातीमागून आलेल्या घोड्यासारखे आले, ३४६ चिता पेटल्यानंतर आले.

हे सारे दूरदेशीचे आहे असे कोणी समजू नये. ह्याच जातीची, सुधारणा केलेली विमाने आज गोव्याच्या भूमीवर उतरतात. १९९९च्या गैसल अपघातानंतर गाड्यांची टक्कर टाळणारे ‘रक्षाकवच’ उपकरण घडविण्याचा प्रयत्न आपल्या कोकण रेल्वेनेच केला होता. आता २०२०मध्ये राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकारलेले ‘कवच’ देशभर टप्प्याटप्प्याने बसविले जात आहे आणि ते एसआयएल-४ ह्या सर्वोच्च सुरक्षा-श्रेणीचे आहे. ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु २ जून २०२३ रोजी ओडिशातील बालासोरजवळ बहानगा बाजार स्थानकात जे घडले, त्याचे विस्मरण होता कामा नये. इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग तेथे होते. तथापि सिग्नलच्या तारांच्या जोडणीत पूर्वी केलेल्या बदलात दोष राहिला होता आणि फाटकाच्या दुरुस्तीच्या वेळी तो भोवला, असे रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत निष्पन्न झाले. यंत्राला खोटी माहिती मिळाली आणि दोनशे नव्वदांहून अधिक माणसे प्राणास मुकली. प्रमाणपत्र ज्या दिवशी दिले जाते त्या दिवसाचे असते. दुसऱ्या दिवशी एक तार बदलली, एक ओळ बदलली, की ते यंत्र वेगळे झाले.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. ‘कवच’ असो की रुग्णालयातील उपकरण असो, सुरक्षिततेच्या तपासणी अहवालाचे सार लोकांपुढे ठेवले जावे. वैद्यकीय आज्ञावलीही १ एप्रिल २०२०पासून आपल्याकडे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली आहे; त्या कक्षेला अर्थ यावयाचा तर आज्ञावली वाचू शकणारे निरीक्षक हवेत. प्रत्येक बदलानंतर फेरतपासणी झाल्यावाचून यंत्र वापरात येऊ नये. तपासणाऱ्याचा पगार, बढती आणि बदली ज्याची तपासणी करावयाची त्याच्या हाती नसावी. आणि हे शास्त्र फर्मागुढीसारख्या ठिकाणच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना ऐच्छिक विषय म्हणून नव्हे, तर संस्कार म्हणून शिकविले जावे.

स्वतःच्या बुद्धीने निर्णय करण्याची धमक आपल्यात नाही असे नाही. १२ मार्च २०१९ रोजी भारताने ७३७ मॅक्स विमाने जमिनीवर उतरविली. ज्या देशाने त्यांना प्रमाणपत्र दिले होते, त्या अमेरिकेला तसे करण्यास आणखी एक दिवस लागला. दुसऱ्याच्या शिक्क्यापुढे निमूटपणे मान तुकवावयाची नाही, हे ह्या भूमीने मोठी किंमत देऊन शिकलेले आहे. तो बाणा अपघातानंतर दाखविला. तो अपघातापूर्वी दाखविता आला पाहिजे.

जहाजाच्या कुशीवरील रेषा पुसट झाली म्हणजे ती पुन्हा रंगविली जाते. परंतु तिची जागा बदलण्याचा अधिकार रंगाऱ्याला नसतो आणि मालकालाही नसतो. संगणकाच्या युगातही ती रेषा समाजानेच आखली पाहिजे, कारण तिच्याखाली जाऊन बुडावयाचे ते समाजालाच.