जालन्याच्या रुळांवर ‘खेकडा’ कशासाठी?

१/
संगणकावरच्या रेल्वे सिम्युलेटरमध्ये कोणतेही इंजिन कोणत्याही मार्गावर उभे करता येते. जी.आय.पी. रेल्वेचा प्रसिद्ध ‘खेकडा’ जालना स्थानकात आणायला काही मिनिटे पुरतात. चित्र देखणे दिसते, टाळ्याही मिळतात. परंतु त्याखाली ‘ऐतिहासिक’ असे लिहिले की ते चित्र खोटे ठरते. हे खोटे निरुपद्रवी नाही. का, ते सांगणारा हा धागा.

२/
प्रथम खेकड्याची ओळख. मूळ नाव ईएफ/१. भारतीय रेल्वेने पुढे त्याला डब्ल्यूसीजी-१ म्हटले. मालगाड्या ओढण्यासाठी १९२८ पासून अशी ४१ विद्युत इंजिने आली. रचना स्वित्झर्लंडमधील विंटरथूरच्या एसएलएम कारखान्याची. बहुसंख्य इंजिने इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत बांधली गेली. विद्युत सामग्री मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सची.

३/
इंजिनाचे शरीर तीन भागांत सांधलेले होते, त्यामुळे घाटातील तीव्र वळणांवर ते वळत जाई. चार मोटारी, एकूण २६०० अश्वशक्ती. मोटारीची शक्ती चाकांपर्यंत पोहोचे ती वाफेच्या इंजिनासारख्या दांड्यांमधून. उभे असताना ते कण्हल्यासारखा आवाज करी, धावताना दांड्यांची सळसळ ऐकू येई.

४/
यांतील एका इंजिनाला मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव दिले गेले. ते इंजिन आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. पण ज्यांनी ही इंजिने चालवली त्या भारतीय कामगारांनी सबंध वर्गालाच ‘खेकडा’ म्हटले. गव्हर्नरांचे नाव पाटीवर राहिले, कामगारांचे नाव लोकांच्या तोंडी.

५/
खेकडा ज्या व्यवस्थेचा भाग होता, तीही पाहावी. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी भारतातील पहिली विद्युत रेल्वेगाडी धावली. तारेतील दाब १५०० व्होल्ट, एकदिश प्रवाह. १९३० पर्यंत या तारा एकीकडे पुण्यापर्यंत, दुसरीकडे इगतपुरीपर्यंत पोहोचल्या.

६/
तारा तिथेच का गेल्या? भोर घाट आणि थळ घाट यांमुळे. तेथील चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना १ मीटर वर. वाफेच्या इंजिनांची तिथे दमछाक होई. खेकड्याची बांधणी, त्याची ताकद, त्याचे सांधे हे सर्व या घाटांचे उत्तर होते. घाटाशिवाय खेकड्याला अर्थ नाही.

७/
आता त्याच काळातील जालना. जालना तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. मनमाड ते हैदराबाद ही गोदावरी खोऱ्यातील रेल्वे १८९९ ते १९०१ या काळात सुरू झाली. लांबी ३९१ मैल. चालवणारी संस्था निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे. आणि हा मार्ग होता मीटरगेज.

८/
मीटरगेजच्या रुळांमधील अंतर १००० मिलिमीटर. खेकडा ज्या ब्रॉडगेजवर धावे, तेथे ते १६७६ मिलिमीटर. म्हणजे खेकड्याची चाके जालन्याच्या रुळांवर बसणेच अशक्य. शिवाय तार नाही, उपकेंद्र नाही. इगतपुरीची तार जालन्यापासून रेल्वेमार्गाने सुमारे ३०० किलोमीटर दूर.

९/
“मग आजच्या विद्युतीकरण झालेल्या जालन्यात तरी उभा करू,” असे कोणी म्हणेल. तेही चालणार नाही. जालन्याच्या तारांमध्ये आज २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आहे. १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहासाठी बांधलेले इंजिन त्याखाली जागीच निकामी होईल. जालन्यात खेकडा १९३० मध्येही अशक्य होता आणि आजही आहे.

१०/
हा झाला तांत्रिक भाग. खरा प्रश्न पुढे आहे.

मनमाड हे केवळ जंक्शन नव्हते. तिथे ब्रॉडगेज आणि मीटरगेज भेटत, आणि भेटूनही जुळत नसत. ब्रॉडगेजने आलेल्या प्रवाशाला गाडी बदलावी लागे. मालाच्या डब्यातील पोते न् पोते उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावे लागे. त्या ६७६ मिलिमीटरचा भार हमालाच्या पाठीवर पडे.

११/
संस्थान गेले, तरी हे अंतर गेले नाही. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी निजाम स्टेट रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली. २ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली आणि हा मार्ग पुढे तिच्याकडे गेला. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. या प्रत्येक टप्प्यावर जालन्याचे रूळ मीटरगेजच होते.

१२/
१९६० च्या दशकाच्या अखेरीस इगतपुरी–भुसावळ मार्गावर विजेच्या तारा आल्या, म्हणजे मनमाडवरूनच गेल्या. मुख्य मार्ग विजेवर धावू लागला. मराठवाड्याकडे वळणारा फाटा तसाच राहिला. तेव्हा अजिंठा एक्सप्रेस मनमाडहून मीटरगेजवर वाफ सोडत निघे आणि हीच तिची प्रतिष्ठा मानली जाई.

१३/
ब्रॉडगेज मराठवाड्याला आपोआप मिळाले नाही. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या नेत्यांनी विकासाच्या मागण्यांमध्ये रेल्वेच्या रुंदीकरणाची मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. अखेर १९९० च्या दशकात मनमाडपासून रुंदीकरण झाले. तोपर्यंत मुंबई–पुणे डेक्कन क्वीनने विजेवर साठ वर्षे काढली होती.

१४/
आणि वीज? ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना–मुंबई वंदे भारत एक्सप्रेसला हिरवा झेंडा दाखवला गेला. ही गाडी विजेवरच धावते. मुंबईतील पहिली विद्युत गाडी १९२५ ची. दोन्ही शहरे एकाच राज्यात आहेत; दोन्ही तारखांमध्ये जवळजवळ ९९ वर्षे आहेत.

१५/
आता ते चित्र पुन्हा पाहा: जालना स्थानक, १९३०, फलाटावर खेकडा. या एका चित्राने ही ९९ वर्षे पुसली जातात. मनमाडचा हमाल पुसला जातो. रुंदीकरणाची मागणी पुसली जाते. पाहणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाची समजूत होते की जे मुंबईला होते, ते जालन्यालाही होते.

१६/
महाराष्ट्रात या अंतराला एक शब्द आहे: अनुशेष. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ च्या अहवालात प्रादेशिक असमतोल आकड्यांत मांडला. आकडे वाचणारे थोडे असतात, गेम खेळणारे पुष्कळ. म्हणूनच गेममधील जालना खरे असणे हा छंदापुरता प्रश्न राहत नाही.

१७/
पहिला आक्षेप: “हा तर खेळ आहे.”

खेळ आहे, मान्य. कल्पनेला मोकळीकही हवी. निजामाने १९०० मध्ये ब्रॉडगेज बांधले असते तर, असा काल्पनिक मार्ग कोणी जरूर रचावा आणि त्यावर ‘काल्पनिक’ असे लिहावे. आक्षेप कल्पनेवर नाही. ‘ऐतिहासिक’ या शिक्क्यावर आहे. तो शिक्का मारला की पुराव्याची जबाबदारी येते.

१८/
दुसरा आक्षेप: “खेकडा महाराष्ट्राचा वारसा आहे. जालना महाराष्ट्रात नाही का?”

आहे; परंतु १९५६ पूर्वी नव्हते. तोवर ते हैदराबाद राज्यात होते. त्या वर्षी राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. आजचा नकाशा कालच्या रुळांवर पसरणे ही इतिहासाच्या विद्यार्थ्याने प्रथम टाळावयाची चूक आहे.

१९/
तिसरा आक्षेप: “एवढी अचूकता गेममध्ये शक्य नाही.”

येथे इटलीचे उदाहरण उपयोगी पडते. १९०२ मध्ये वाल्तेल्लिना खोऱ्यात हंगेरीच्या गान्झ कंपनीने, काल्मान कांदो यांच्या रचनेनुसार, त्रिकला विद्युत प्रवाहावर रेल्वे चालवली. डोक्यावर एक नव्हे, दोन तारा. तिसरी कला रुळांमधून.

२०/
याच पद्धतीवरील इटलीचे ई-५५० हे इंजिन जेनोआमागील जोवी घाटात प्रसिद्ध झाले. त्याला मुख्यतः दोनच वेग होते: ताशी २५ आणि ५० किलोमीटर. मोटारीचा वेग प्रवाहाच्या वारंवारतेशी बांधलेला असल्याने मधल्या वेगाने ते दीर्घकाळ धावू शकत नसे. चढावर ते मंदावत नसे आणि उतारावर सुसाट सुटत नसे.

२१/
हे इंजिन सिम्युलेटरमध्ये आणताना कोणी केवळ रंग आणि आकार हुबेहूब केला, पण वेग आजच्या इंजिनासारखा सलग वाढू दिला, तर ते ई-५५० नव्हे. त्याचा मुखवटा होय. इंजिनाचा इतिहास त्याच्या वागण्यात असतो: किती तारा, कोणता दाब, कोणता चढ, कोणता वेग. सिम्युलेटरच्या फायलींत वजन, शक्ती, वेग हे सारे लिहिण्याची सोय असते. तेव्हा अडचण साधनाची नाही.

२२/
इटलीने पुढे ३००० व्होल्ट एकदिश प्रवाह स्वीकारला आणि १९७६ मध्ये त्रिकला पद्धत बंद झाली. त्या तारा उतरल्या, इंजिने संग्रहालयात गेली. आज दोन तारांखालून गाडी हाकण्याचा अनुभव घ्यायचा तर सिम्युलेटरखेरीज मार्ग जवळपास उरलेला नाही. मीटरगेजच्या जालन्याचेही नेमके हेच झाले आहे.

२३/
खेकड्याला संग्रहालयांत जागा मिळाली. जालन्याच्या मीटरगेजला कोणती जागा आहे? बदनापूर, जालना, रांजणी, परतूर या स्थानकांतून वायपी आणि वायजी ही वाफेची इंजिने आणि नंतर वायडीएम-४ हे डिझेल इंजिन गेले. ते रूळ उखडले गेले. त्यावर काम केलेले लोक आज साठी-सत्तरी ओलांडलेले आहेत.

२४/
म्हणून मुद्दा उलट मांडायला हवा. परक्या वैभवाने जालना सजवण्याऐवजी जालन्याचे स्वतःचे मीटरगेज गेममध्ये आणावे. मनमाडला गाडी बदलण्याचा फलाट आणावा. मालाची चढ-उतार आणावी. अजिंठा एक्सप्रेस वायपी इंजिनासह आणावी. खेळणाऱ्याला ब्रॉडगेज समोर दिसावे आणि तिथे जाता येऊ नये; इतिहास त्याला तिथेच समजेल.

२५/
असे काम करणाऱ्यांनी चार नियम पाळावेत.
– मार्गावर वर्ष लिहावे. वर्षाशिवाय ‘ऐतिहासिक’ लिहू नये.
– गेज, दाब आणि प्रवाह त्या वर्षाशी जुळवावेत.
– जे पुराव्याने ठाऊक आहे आणि जे अंदाजाने भरले आहे, ते वेगळे नोंदवावे.
– इंजिनाच्या अधिकृत नावाबरोबर कामगारांनी दिलेले नावही ठेवावे.

२६/
पुरावा कुठे मिळेल? जुनी वेळापत्रके, जिल्ह्याचे गॅझेटियर, घरातील छायाचित्रे, आणि सर्वांत आधी निवृत्त रेल्वे कर्मचारी. गार्ड, फायरमन, पॉइंट्समन, हमाल. शिट्टी कशी वाजे, चढाला किती वेळ लागे, मनमाडला किती तास थांबावे लागे, हे कोणत्याही कारखान्याच्या नकाशात सापडत नाही. ते विचारावे लागते, आणि लवकर विचारावे लागते.

२७/
खेकड्याचे स्वागतच आहे. त्याने कसारा ते इगतपुरी चढावे, मालगाडी ओढत, कण्हत. तिथे तो खरा आहे आणि तिथे तो थोर आहे. जालन्याला त्याची उसनवारी नको. ज्यांच्या घरी मीटरगेजवर काम केलेले आजोबा, काका किंवा शेजारी असतील, त्यांनी या आठवड्यात त्यांच्याशी तासभर बोलून ते ध्वनिमुद्रित करावे. पुढचा मार्ग त्यातून बांधता येईल.

(धागा समाप्त)