पीत नाही म्हणजे कळत नाही?

"सर, तुम्ही पीतच नाही, मग तुम्हाला काय कळणार?" इटलीची सहल करून आलेल्या एका सहकाऱ्याने स्टाफरूममध्ये मला सुनावले. बारोलो हे द्राक्षाचे नाव आहे, असे ते सांगत होते. मी म्हटले, बारोलो हे गाव, द्राक्ष नेब्बिओलो. एवढ्यावरून माझी पात्रता निघाली.

हा किस्सा मी मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांना हसत हसत सांगितला, तर ते माझ्यावरच बिघडले. "हराम चीजकी इतनी मालूमात कायकू रखते, मास्टर?"

दोघे एकमेकांचे विरोधक वाटतात. पण दोघांची समजूत एकच आहे: जाणणे म्हणजे पिणे. माझे भांडण या समजुतीशी आहे.

आधी सहकाऱ्यांचे पाहू. पिडमाँटच्या लांगे टेकड्यांवर पिकणाऱ्या नेब्बिओलोच्या सालीत आणि बियांत तुरटपणा फार. नवी वाइन तोंड आवळून टाकते, कच्च्या जांभळासारखी. म्हणून बारोलोला किमान 38 महिने मुरवावे लागते, त्यांतले 18 महिने लाकडी पिंपात. 'रिझर्व्हा' लिहायचे तर 62 महिने. काळ तुरटपणा मऊ करतो आणि रंगाला विटकरी झाक आणतो. जाणकार तिच्यात गुलाब आणि डांबर असे दोन्ही वास सांगतात. यामागे शेतकऱ्याची मेहनत आहे, सब्र आहे. त्याची कदर करायला पेला उचलावा लागत नाही. चव मला ठाऊक नाही, हे कबूल. पण चव ठाऊक असणे म्हणजे समज असणे नव्हे. व्यावसायिक परीक्षकसुद्धा घोट तोंडात घोळवून थुंकून टाकतात, कारण नशा चढली की पारख संपते. मला तेवढेही नको.

आणि रसिकतेचा तोरा कशाचा? तोस्कानाची सास्सिकाया 1968 सालच्या हंगामापासून बाजारात आली. ती काबर्ने या मूळच्या फ्रेंच द्राक्षाची, तिथल्या नियमांत न बसणारी. म्हणून लेबलावर कायद्याने सर्वांत खालचा दर्जा, 'जेवणाची वाइन'. पुढे तीच जगातल्या महागड्या बाटल्यांत जाऊन बसली. आज किंमत पाहून माना डोलावणाऱ्यांतल्या किती जणांनी तेव्हा ते लेबल पाहून नाक मुरडले असते?

1986 साली इटलीत वीसहून अधिक माणसे वाइन पिऊन मेली, काहींची दृष्टी गेली. स्वस्त वाइन कडक करण्यासाठी तिच्यात मिथेनॉल मिसळले होते. त्यातला एक व्यापारी बारोलोजवळच्याच नार्झोले गावचा. मेले ते स्वस्त बाटली घेणारे. गुलाब-डांबराच्या गप्पांत त्यांची आठवण कोणी काढलेली मी ऐकली नाही. अशी रसिकता मला शिकायची नाही.

आता बुजुर्गांना अदबीने. सूरह अल-बकराच्या 219व्या आयतीत दारूत लोकांसाठी काही फायदे असल्याचे मान्य केले आहे. गुनाह त्याहून मोठा, असे बजावले आहे. म्हणजे मनाई आली ती नफा-नुकसान दोन्ही समोर ठेवून, डोळे मिटून नव्हे. इटलीच्याच सिसिलीत अकराव्या शतकात जन्मलेला मुसलमान शायर इब्न हमदीस शराबेवर अरबीत लिहून गेला. उर्दूत रियाज खैराबादी शराबेच्या शायरीचे इमाम मानले गेले, आणि त्यांनी कधी थेंबही घेतला नव्हता म्हणतात. जाणणेच हराम ठरवले तर उर्दूचे अर्धे दिवाण पेटीत बंद करावे लागतील.

हा प्रश्न माझ्या वर्गातला आहे. मुले विचारतात, "सर, साकी म्हणजे कोण?" प्रत्येक शेरातली शराब म्हणजे इश्क-ए-हकीकी, असे ठोकून देणे सोपे आहे. पण मुलांना खोटे लगेच कळते, आणि मग मास्तरचे खरेही त्यांना खोटे वाटू लागते. म्हणून मी सांगतो की साकी म्हणजे शराब वाढणारा. इथे ती खरी शराब आहे, तिथे रूपक आहे. आणि आपण पीत नाही, त्याचे कारण हे.

अज्ञानाला परहेज म्हणू नका. काय सोडतो आहोत हे ज्याला माहीत आहे, त्याच्याच सोडण्याला काही अर्थ आहे. आणि सहकाऱ्यांना एवढेच: पुढच्या वेळी बाटली आणाल तेव्हा निदान लेबल तरी वाचून या.