धरणाच्या काठावरची कुसुमताई

पुणे जिल्ह्यातल्या पेठहून मंचर-घोडेगावमार्गे पश्चिमेला गेलं, की घोड नदीवरचं डिंभे धरण लागतं. महादेव कोळी आदिवासींची कितीतरी भातखाचरं त्या पाण्याखाली गेली. कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर यांचं काम या विस्थापितांमध्येच उभं राहिलं. राजकारण, व्यवसाय आणि निसर्गरक्षण असे तीन वेगळे कप्पे आपण करतो. कुसुमताईंनी ते केले नाहीत. विस्थापितांच्या हक्कांची लढाई चालू असतानाच जलाशयातल्या मासेमारीसाठी आदिवासींची सहकारी संस्था झाली. ज्याचं शेत बुडालं, त्याच्याच हाती जाळं आणि होडी आली. या कामात आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते ती पडकई: उतारावर दगडांचा बांध रचायचा, माती अडवायची, सगळ्यांनी मिळून एकेकाचं खाचर तयार करायचं. रीत जुनीच. तिला रोजगार हमी योजनेचं बळ मिळावं म्हणून कुसुमताई आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने सरकारदरबारी चिकाटीने पाठपुरावा केला. २०१२ साली ‘शाश्वत’ला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. वाचकहो, भीमाशंकरला जाताना घोडेगावच्या पुढे जरा थांबा, ही खाचरं जवळून पाहा आणि ती कसणाऱ्यांशी बोला.