किराणा चालू, दाद बंद

नवऱ्याने मारलं आणि पावसाने झोडपलं, तर तक्रार कुणाकडे करायची, असं आपल्याकडे विचारतात. विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं. मार काय आणि पाऊस काय, दोन्ही निमूट सोसायचे, एवढंच त्याला सांगायचं असतं. कोरोनाच्या टाळेबंदीबद्दल आज जे बोललं जातं त्यातही हाच सूर ऐकू येतो. काळच वाईट होता, माणसं वैतागली होती, घरोघरी भांडणं झाली. साथ गेली, विषय संपला. मला हे मान्य नाही. अमरावती-अकोल्यात आणि देशभर बायकांनी तेव्हा जे सोसलं, त्यातलं पुष्कळ टाळता आलं असतं. मदतीची दारं सरकारी आदेशाने बंद झाली, आणि ती उघडी ठेवायला लावणारा कायदा हाताशी असताना बंद झाली.

या म्हणण्याविरुद्ध जे मुद्दे मांडले जातात, ते एकेक करून तपासू.

पहिला मुद्दा आकड्यांचा. २०२० मध्ये महिलांवरचे गुन्हे कमी झाले, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाच्या आधारे सांगतात. आकडा खरा आहे. २०१९ मध्ये चार लाखांच्या वर असलेली नोंद २०२० मध्ये ३,७१,५०३ वर आली. पण पुढच्याच वर्षी ती ४,२८,२७८ झाली. पुरुष एक वर्ष सुधारले आणि दुसऱ्या वर्षी बिघडले, असं कुणी म्हणेल का? नोंद घटली, कारण ठाण्यापर्यंत पोचायची सोय उरली नव्हती. त्याच २०२० मध्ये २५ मार्च ते ३१ मे या काळात राष्ट्रीय महिला आयोगाकडे कौटुंबिक हिंसाचाराच्या १,४७७ तक्रारी आल्या. आधीच्या दहा वर्षांत मार्च ते मे या महिन्यांत इतक्या तक्रारी कधीच आल्या नव्हत्या. ज्यांना ईमेल करता येत होता, व्हॉट्सअ‍ॅप वापरता येत होतं, त्यांच्या तक्रारी पोचल्या. गरीब बाई पोस्टाने अर्ज पाठवते आणि पोस्ट तर थंडावलं आहे, ही अडचण आयोगाच्या तेव्हाच्या अध्यक्ष रेखा शर्मा यांनीच बोलून दाखवली होती.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या निम्म्याहून थोड्याच जास्त बायकांकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता. तो असला तरी दोन खोल्यांच्या घरात, नवरा चोवीस तास समोर असताना, हेल्पलाइनला फोन लावणार कसा? हीच पाहणी आणखी दोन गोष्टी सांगते. राज्यातल्या साधारण चारांतल्या एका विवाहितेने नवऱ्याकडून हिंसा सोसली होती, आणि महाराष्ट्रात ही माहिती २०१९ मध्ये, म्हणजे साथ येण्याआधीच, गोळा झाली होती. देशभरात हिंसा सोसणाऱ्या शंभर बायकांपैकी सत्याहत्तर जणींनी मदत मागितली नव्हती आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. टाळेबंदीने नवा रोग आणला नाही. जुन्या रोगावर जो थोडाफार उतारा मिळत होता, तो काढून घेतला.

वऱ्हाडात हा उतारा कोणता, ते इथली प्रत्येक बाई जाणते. माहेर, एसटी, आठवडी बाजार आणि रोजमजुरी. मार असह्य झाला की बाई लेकराला कडेवर घेऊन एसटी पकडते आणि चार दिवस मायकडे जाऊन राहते. मार्च २०२० मध्ये एसटी उभी राहिली, बाजार बंद झाले, मजुरी गेली. दर्यापूरची सून मूर्तिजापूरच्या माहेरी निघाली तर मध्ये जिल्ह्याची हद्द येते. अंजनगाव सुर्जीहून अकोटला जायचं तरी तेच. हद्द ओलांडायला पास लागे आणि पासाच्या अर्जात कारण लिहावं लागे. 'नवरा मारतो' हे कारण तिथे कोणती बाई लिहिणार होती?

दुसरा मुद्दा तणावाचा. कामधंदा बुडाला, कापूस विकल्यावाचून घरात पडून राहिला, कर्जाचा घोर लागला, म्हणून पुरुषाचा हात सुटला, असं सांगितलं जातं. कापूस पडून होता हे खरं आहे. पण तो त्याच घरातल्या बाईने वेचलेला होता. तिची मजुरीही बुडाली, शिवाय घरात दिवसभर सगळी माणसं असल्याने चुलीपासचं काम दुपटीने वाढलं. तणाव दोघांवर सारखाच होता, मग हात एकाचाच का सुटला? आणि तो नाक्यावर अडवणाऱ्या पोलिसावर, कर्जाच्या वसुलीला आलेल्या माणसावर का सुटला नाही? ज्याला माणूस निवडून मारता येतं, त्याचा स्वतःवर ताबा पुरेपूर असतो. दारूचंही तसंच. मार्च अखेरपासून मेच्या सुरुवातीपर्यंत दारूची दुकानं बंद होती, आणि आयोगाकडे तक्रारींचा ओघ लागला तो याच काळात. दारूने मार वाढतो, हे गावागावांतल्या बायका अनुभवाने सांगतात आणि ते खरं आहे. पण बाटली बंद झाली की मार थांबतो, ही समजूत त्या पाच-सहा आठवड्यांत खोटी ठरली.

तिसरा मुद्दा घरच्या अब्रूचा. घरातलं घरात मिटवा, गावात तंटामुक्ती समिती आहे, चार शहाणी माणसं समजूत घालतील. तंटा मिटवणं चांगलंच. पण तंटा बरोबरीच्या दोघांत होतो: धुऱ्यावरून, पाण्याच्या पाळीवरून. एकाने मारायचं आणि दुसरीने सोसायचं, याला तंटा म्हणत नाहीत. तिथे समेट म्हणजे बाईला त्याच घरात परत धाडणं, आणि टाळेबंदीत तर बाहेरून कडी लावून धाडणं. याच वऱ्हाडात, बुलढाण्यात, ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून सगळे दोष बाईच्या माथी मारणाऱ्यांना सडेतोड उत्तर दिलं होतं. एवढ्या वर्षांनीही अब्रू सांभाळायचं काम आपण मार खाणारीवरच सोपवलं आहे.

चौथा मुद्दा कायद्याच्या गैरवापराचा. तो मांडणाऱ्यांनी आधी कायदा वाचावा. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा नवऱ्याला उचलून तुरुंगात टाकत नाही. तो बाईला राहत्या घराचा हक्क देतो, संरक्षणाचा आदेश देतो, खर्चाची तरतूद करतो. तो आदेश मोडला तरच शिक्षेचा प्रश्न येतो. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच बजावलं आहे. इतके अटकाव असतानाही जो 'गैरवापर, गैरवापर' म्हणत राहतो, त्याची हरकत कायद्याच्या वापरालाच आहे.

पाचवा मुद्दा सर्वांत वजनदार, म्हणून त्याला सविस्तर उत्तर दिलं पाहिजे. माणसं पटापट मरत होती, खाटा नव्हत्या, प्राणवायू नव्हता. अशा वेळी जीव आधी, बाकीचं नंतर, असं प्रामाणिक माणसंही म्हणतात. माझं उत्तर असं की मार खाणारीचाही जीवच जातो. शिवाय साथ ही हिंसेसाठी संधी कशी बनते, ते अमरावतीनेच पाहिलं आहे. जुलै २०२० मध्ये बडनेऱ्यात कोरोनाच्या तपासणीला गेलेल्या एका तरुणीला प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाने सांगितलं की घशातल्या नमुन्याशिवाय गुप्तांगातूनही नमुना घ्यावा लागतो, आणि तसा तो घेतला. तिला शंका आली. तिने भावाला सांगितलं, भावाने डॉक्टरांना विचारलं, डॉक्टरांनी अशी कोणतीही तपासणी नसते असं स्वच्छ सांगितलं. पोलिसांनी गुन्हा नोंदवला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये अमरावतीच्या न्यायालयाने त्या तंत्रज्ञाला दहा वर्षांची शिक्षा ठोठावली.

या घटनेत दोन धडे आहेत. साथीची भीती, घाई आणि अधिकाराचा पोशाख यांच्या आडोशाने अत्याचार होऊ शकतो, हा एक. दुसरा मला अधिक मोलाचा वाटतो. तिच्यावर विश्वास ठेवणारा भाऊ भेटला, खरं बोलणारा डॉक्टर भेटला, तक्रार लिहून घेणारं ठाणं भेटलं, म्हणून भर साथीत न्यायाची वाट चालता आली. याच विदर्भात १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला होता. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिची संमतीच होती, असं मानून सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना सोडलं. वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि उपेंद्र बक्षी यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. बडनेऱ्याच्या त्या तरुणीला 'ओरडली का नाहीस' या प्रश्नाने घरी परतवता आलं नाही, त्यामागे ही सगळी लढाई आहे.

आता माझं म्हणणं मांडतो. २००५ मध्ये संसदेने दोन कायदे केले. एक, वर सांगितलेला कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा. दुसरा, आपत्ती व्यवस्थापनाचा. २४ मार्च २०२० चा टाळेबंदीचा आदेश या दुसऱ्या कायद्याखाली निघाला. किराणा, दूध, औषधं, बँका, पेट्रोलपंप, वृत्तपत्रं यांना त्यात सूट होती. पहिल्या कायद्याने ज्यांना बाईपर्यंत पोचण्याचं काम दिलं आहे, ते संरक्षण अधिकारी त्या यादीत नव्हते. तमिळनाडूने मात्र त्यांना टाळेबंदीत फिरण्याची मुभा दिली. जम्मू-काश्मीरच्या उच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि किराणा व औषधांच्या दुकानांतच बाईला गुपचूप तक्रार सांगता येईल अशी सोय करण्याचे निर्देश दिले. पुणे जिल्हा परिषदेने तर घरात मारहाण करणाऱ्या नवऱ्यालाच संस्थात्मक विलगीकरणात ठेवू, असं जाहीर केलं. ही सूचना मला फार महत्त्वाची वाटते, कारण घर सोडायची वेळ मारणाऱ्यावर आली पाहिजे. कायद्याच्या १९ व्या कलमात नवऱ्याला घराबाहेर काढण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांना आहेच. म्हणजे करता येत होतं, आणि काही ठिकाणी केलंही गेलं.

पहिल्या वेळी विचाराला उसंत मिळाली नाही, हे एकवेळ मान्य करू. पण वऱ्हाडाला दुसरी वेळही आली. २२ फेब्रुवारी २०२१ च्या रात्रीपासून अमरावती आणि अचलपूर राज्यात सर्वांआधी पुन्हा बंद झाले आणि ती मुदत ८ मार्चपर्यंत, थेट महिला दिनापर्यंत, लांबली. अकोल्यावरही कडक निर्बंध आले. तोवर वर्षभराचा अनुभव गाठीशी होता. राज्याच्या महिला व बालविकास मंत्री यशोमती ठाकूर याच अमरावतीच्या पालकमंत्री होत्या. आणि राज्य महिला आयोगाचं अध्यक्षपद फेब्रुवारी २०२० पासून ऑक्टोबर २०२१ पर्यंत रिकामं होतं. साथीचा जवळजवळ सगळा काळ राज्यातल्या बायकांची सर्वोच्च दाद-संस्था अध्यक्षाविना राहिली. विषाणूने ही खुर्ची रिकामी ठेवली नव्हती.

म्हणून मागणी अमूर्त ठेवून चालणार नाही. आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे प्रमुख असतात आणि जिल्ह्याचा आपत्ती आराखडा दरवर्षी तपासावा लागतो. अमरावती आणि अकोल्याच्या आराखड्यांत चार गोष्टी लिहून घ्याव्यात. संरक्षण अधिकारी, समुपदेशक आणि आश्रयगृहं अत्यावश्यक सेवेत असतील. हिंसेमुळे घर सोडणाऱ्या बाईला कोणत्याही नाक्यावर पास मागितला जाणार नाही. अमरावतीचं डफरीन, अकोल्याचं लेडी हार्डिंग आणि तालुक्यातली ग्रामीण रुग्णालयं कोणत्याही बंदमध्ये उघडीच असतात, तेव्हा तिथे येणाऱ्या बाईला एकटीला बाजूला घेऊन विचारपूस करणारी प्रशिक्षित व्यक्ती हजर असेल. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातल्या दिलासा केंद्राने हे वीस वर्षांहून अधिक काळ करून दाखवलं आहे. आणि घरोघर ताप मोजत फिरलेल्या आशाताईला कुणाकडे कळवायचं ते माहीत असेल, त्या कामाचा मोबदला मिळेल आणि कळवल्याबद्दल तिला त्रास झाला तर पोलीस तिच्या पाठीशी उभे राहतील.

साथ पुन्हा येईल तेव्हा पाहू, असं म्हणणाऱ्यांनी इथला अलीकडचा इतिहास आठवावा. नोव्हेंबर २०२१ मध्ये दंगलीनंतर अमरावतीत संचारबंदी लागली, मे २०२३ मध्ये अकोल्यात जमावबंदी आली, आणि दोन्ही वेळा इंटरनेट बंद झालं. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरची दादही गेली. आपल्या शहरांची दारं अशी अधूनमधून बंद होत असतात. त्या प्रत्येक वेळी दूध कुठून येईल हे प्रशासनाने आधीच ठरवलेलं असतं. मार खाणाऱ्या बाईने कुठे जायचं, हेही तितकंच आधी ठरलेलं, छापलेलं आणि रेशन दुकानाच्या भिंतीवर लावलेलं असलं पाहिजे.