दुबईतला फ्लॅट घेण्याआधी

कोकणातल्या कितीतरी मोहल्ल्यांत आखातातून आलेल्या पैशांवर घरं उभी राहिली. आता उलटं घडतंय. पुण्या-मुंबईत नोकरी करणारे आपल्यातले काही जण दुबईत फ्लॅट बुक करू लागलेत. भाड्याचं घर शोधताना नाव ऐकून नकार मिळालेल्या तरुणाला 'तिथे कुणी नाव विचारत नाही' हे एजंटचं वाक्य भिडतं, यात नवल नाही.

पण सही करण्याआधी हिशेब मांडा. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका व्यक्तीला आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंतच रक्कम बाहेर पाठवता येते. १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस घेते. तो पुढे आयकरात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. दुबईत नोंदणीचे ४ टक्के वेगळे. ही मालमत्ता विवरणपत्रात दाखवली नाही, तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. हवालाचा रस्ता तर नकोच. इमारत अजून बांधायची असेल, तर हप्ते प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यातच जातात ना, हे तपासा. २००८ च्या मंदीनंतर तिथले अनेक प्रकल्प रखडले होते.

२० लाख दिरहमच्या मालमत्तेवर १० वर्षांचा गोल्डन व्हिसा मिळतो, नागरिकत्व नाही. परवडत असेल तर गुंतवणूक म्हणून घ्या, आसरा म्हणून नको. घर नाकारणाऱ्या सोसायटीशी हक्काची लढाई इथेच लढायची आहे.